झिरो मागे लागलं तर वाइल्डकॅट वाचवायचं कसं?

'इल-२ १९४६' या विमानयुद्धाच्या कॉम्प्युटर गेममध्ये वाइल्डकॅट हे अमेरिकी लढाऊ विमान घेतलं की झिरो हे जपानी लढाऊ विमान मागे लागतं आणि आपण सवयीने वळत राहतो. तिथेच खेळ संपतो. कमी वेगात झिरोसारखं वळणं वाइल्डकॅटला जमणारच नाही. जोडीदार असेल तर हे करा:

१. दोघांनी शेजारी-शेजारी उडा, मागे-पुढे नको. मधे वळायला पुरेल इतकी जागा ठेवा. आम्ही साधारण ५०० मीटर ठेवतो.

२. एकाच्या शेपटीला शत्रू लागला की दोघांनीही लगेच एकमेकांच्या दिशेने वळा. पाठलाग करणारा झिरो आपोआप जोडीदाराच्या मशीनगनसमोर येतो. तो सोडून पळाला तर पाठलाग नको, पुन्हा शेजारी या.

अमेरिकी नौदलाचा वैमानिक जिमी थॅच याने हा डाव आधी टेबलावर काड्या मांडून जुळवला आणि जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत प्रत्यक्ष वापरला. गेममध्ये आजही तो तितकाच चालतो, हे बघून मला फार आनंद होतो.

एकटेच असाल तर नाक खाली करून सुसाट सूर मारा. वेग वाढला की झिरोचे कंट्रोल जड होतात, उजवीकडे गिरकी घेणं तर त्याला विशेष अवघड जातं. म्हणून सुरातच उजवीकडे वळा.

मात्र, एकमेकांकडे वळताना कोण वरून जाणार आणि कोण खालून, हे उड्डाणाआधीच ठरवा. आमची दोन विमानं अशीच एकमेकांवर आदळली आहेत.