घोड्यांच्या भाडे-वाहतुकीसाठी ट्रक निवडताना

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा सौदा ठरला की घेणाऱ्याचा पुढचा प्रश्न गाडीचा असतो. तापीकाठच्या या बाजारात राजस्थान, पंजाब, गुजरात अशा दूरच्या प्रांतांतून जनावरे येतात आणि तितक्याच दूर जातात, त्यामुळे शहादा, दोंडाईचा, धुळे या भागांतील गाडीमालकांना ही वाहतूक नियमित धंदा म्हणून करावीशी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र बहुतेक जण आधी ट्रक घेतात आणि मग त्यात किती घोडे उभे राहतील ते पाहतात. माझ्या मते हिशेब घोड्यापासून सुरू करावा आणि ट्रकपर्यंत यावे; कायद्यानेही तोच क्रम धरलेला आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२५-ई हा नियम १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यानुसार जनावरे वाहणाऱ्या गाडीच्या हौद्यात प्रत्येक जनावरासाठी कायमचे कप्पे असावे लागतात आणि घोड्याच्या किंवा घोडीच्या कप्प्याचे क्षेत्रफळ २.२५ चौरस मीटरपेक्षा कमी चालत नाही. असे बदल केलेल्या गाडीलाच प्रादेशिक परिवहन कार्यालयाने जनावरे वाहण्याचा विशेष परवाना द्यायचा असतो, आणि अशा गाडीतून दुसरा माल नेता येत नाही. परतीच्या फेरीत कांदा किंवा कापूस भरून डिझेल वसूल करू, असा विचार असेल तर तो येथेच सोडून द्यावा आणि भाडे दोन्ही फेऱ्यांचे धरावे.

आता हे माप हौद्यावर बसवून पाहू. आतून १४ फूट लांब आणि ७ फूट रुंद हौद्याचे क्षेत्रफळ सुमारे ९.१ चौरस मीटर भरते. कागदावर त्यात चार घोडे बसतात, पण कप्प्यांच्या आडव्या पाइपांची जाडी आणि बाजूच्या गाद्या धरल्या की खरे तीनच उरतात. १७ फुटी हौद्यात चार घोडे नियमात बसतात आणि मोतद्दाराला (घोड्याची देखभाल करणाऱ्याला), तोबऱ्यांना (चाऱ्याच्या पिशव्यांना) व पाण्याच्या ड्रमला थोडी जागा उरते. नव्याने धंदा सुरू करणाऱ्याला मी हेच माप सुचवेन. पिकअपचा साधारण ८ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौदा एकाच घोड्याचा असतो. त्यात दोन घोडे दाटीवाटीने उभे करणे हा नियमभंग तर आहेच, शिवाय वळणावर ते एकमेकांवर आदळतात. रुंदी मोजताना बाजारातल्या सरासरी तट्टूचा विचार न करता चौसष्ट-पासष्ट इंच उंचीची मारवाडी घोडी डोळ्यांसमोर ठेवावी.

घोडे हौद्यात आडवे उभे करायचे असतात. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत घोड्यांसाठी वेगळे प्रकरण आहे आणि त्यात घोड्याचे तोंड गाडीच्या डाव्या बाजूला, म्हणजे समोरून व शेजारून जाणाऱ्या रहदारीपासून दूर ठेवावे, असे सांगितले आहे. त्याच प्रकरणानुसार एका गाडीत चार ते सहापेक्षा जास्त घोडे नेता येत नाहीत, प्रत्येक दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंटिमीटर व्यासाचा बांबू आणि मागे दोन भक्कम दांडे लागतात, तळाला पाय न घसरणारे आच्छादन लागते, हौद्याच्या कडा बुटक्या असतील तर त्या उंच कराव्या लागतात आणि गाडीबरोबर एक देखभाल करणारा माणूस असावा लागतो. पत्र्याचा तळ लघवीने ओला झाला की लोखंडी नाल मारलेला पाय त्यावर टिकत नाही; म्हणून जाड रबरी मॅट आणि तिच्यावर भुसा, असे दोन्ही घालावे.

त्याच १९७८ च्या नियमांत घोडे नेणाऱ्या गाडीला वेगाची मर्यादा ताशी ३५ किलोमीटर आहे. धुळ्याहून नाशिकचे साधारण १६० किलोमीटर अंतर या वेगाने कापायला साडेचार तासांहून अधिक वेळ लागतो, आणि थांबे धरले तर सहा तास. भाडे ठरवताना हे तास मोजले नाहीत तर चालकाला नंतर गाडी पळवण्याचा मोह होतो आणि त्याची किंमत घोडा मोजतो. कोंडाईबारीच्या किंवा सेंधव्याकडच्या घाटात उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. ब्रेकच्या प्रत्येक धक्क्याला घोड्याला चारही पायांवर तोल सावरावा लागतो आणि काही तासांत तो थकून जातो.

ट्रकच्या क्षमतेबाबत एक गैरसमज मला नेहमी आढळतो. मारवाडी किंवा काठियावाडी घोड्याचे वजन साधारण ३५० ते ४५० किलो असते, म्हणजे चार घोडे, चारा, पाणी आणि माणसे धरून भार दोन ते सव्वादोन टनांवर जातो. यासाठी दहा टनी गाडी घेतली तर तिचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) एवढ्या हलक्या भाराला दबतच नाहीत आणि प्रत्येक खड्डा थेट घोड्याच्या सांध्यात उतरतो. म्हणून लांब हौदा, पण बेताची भारक्षमता, मऊ पाटे आणि जमिनीपासून कमी उंचीचा तळ, अशी गाडी शोधावी. सायलेन्सरचे तोंड हौद्याकडे धूर फेकत नाही ना, हे इंजिन चालू करून प्रत्यक्ष पाहावे. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला चालक पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

पिकअपमागे ट्रेलर जोडण्याची पद्धत परदेशात रुळलेली आहे आणि काही हौशी मालक तिच्याबद्दल विचारतात. आपल्या कायद्यात ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच मानले जाते, त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. ओढणाऱ्या गाडीच्या निर्मात्याने ओढण्याचे किती वजन मान्य केले आहे, तेही पाहावे लागते. एक-दोन घोड्यांच्या मालकाला तो ठीक आहे. भाड्याच्या धंद्याला मी एकसंध ट्रकच निवडेन.

कागदपत्रांत पशुवैद्यकाचा दाखला सर्वांत आधी येतो: घोडा प्रवासास योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही, असे त्यात हवे. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो, म्हणून घोडा परप्रांतातला असेल तर रक्ततपासणीचा अहवाल मागण्यात संकोच करू नये. लंगडा, आंधळा, थकलेला घोडा, किंवा गेल्या ७२ तासांत व्यालेली घोडी गाडीत चढवता येत नाही. गाभण घोडी आणि शिंगरू इतरांपासून वेगळे ठेवावे लागतात. वाहतुकीचा परमिट, फिटनेस आणि विमा यांखेरीज २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखालील नोंदणीही लागते, कारण त्या कायद्यातील मालाच्या व्याख्येत जनावरेही येतात. त्याखालच्या नियमांनुसार माल पाठवणाऱ्याने जादा जोखमीचा दर देण्याचे स्पष्टपणे मान्य केलेले नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती असते. लाखांच्या घोड्याला हे फारच अपुरे आहे, हे मालकाला आधीच सांगून घोड्याची किंमत आणि ठरलेला दर पावतीवर लिहून घ्यावा.

घोडा चढवण्यासाठी फाळक्याला (हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या बाजूला) उतरती फळी लावावी, किंवा गाडी मागे घेऊन मातीच्या ओट्याला टेकवावी. आमच्याकडे ओटाच सोयीचा पडतो. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे त्या दिवसांत प्रवास रात्रीच करावा आणि वाऱ्याची वाट ताडपत्रीने बंद करू नये. दोरी फार आखूड बांधल्यास घोड्याला मान खाली घालता येत नाही, श्वासनलिकेत गेलेली धूळ बाहेर पडत नाही आणि फुप्फुसाचा दाह होतो. म्हणून दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत उभी करून दोरी सैल करावी, पाणी दाखवावे आणि घोड्याला जमिनीपर्यंत मान नेऊ द्यावी. मुक्कामी उतरवल्यावर आधी पाणी आणि कडबा द्यावा, चंदी (दाण्याचा खुराक) काही तासांनी द्यावी. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजण्यास नव्या मालकाला पावतीवरच लिहून द्यावे: ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर आकडा गेला, किंवा घोडा खोकू लागला, तर पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवायचे.