शुगरचा आकडा पटत नाही? आधी हात धुवा: मधुमेहींनी या चुका टाळा

हात धुवा, हात धुवा हे ऐकून आता कान किटलेत. पण मधुमेह असलेल्यांना हात धुण्याचं एक जास्तीचं कारण आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. बोटावर जे लागलेलं असतं ते रक्ताच्या थेंबात मिसळून शुगर मोजायच्या मीटरमध्ये जातं, आणि मीटरचा आकडा बघून आपण इन्सुलिनचे युनिट ठरवतो. जंतुसंसर्गाचा मुद्दा आहेच, त्याकडे येऊ. पण आकड्यातली चूक त्याच दिवशी अंगाशी येते, म्हणून सुरुवात तिथून.

फळ सोललं, हात झटकले, बोट टोचलं

सगळ्यात जास्त घडणारी चूक ही. थोडा हिशेब करून बघा. मीटरमध्ये घालून ज्यांवर थेंब घेतो त्या हल्लीच्या बऱ्याच स्ट्रिपना एक मायक्रोलिटर (लिटरचा दहा लाखावा भाग) किंवा त्याहूनही कमी रक्त पुरतं. शुगर १०० आहे, म्हणजे एक डेसिलिटर (१०० मिलिलिटर) रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज आहे. याच प्रमाणात एका मायक्रोलिटरमध्ये येतं एक मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. बोटाच्या कातडीवरून तेवढंच ग्लुकोज त्या मायक्रोलिटरभर रक्तात उतरलं, तर १०० ची शुगर मीटरवर २०० दिसणार. एवढं ग्लुकोज डोळ्यांना दिसत नाही, हाताला चिकटही लागत नाही. त्यामुळे 'माझे हात स्वच्छच आहेत' या म्हणण्याला इथे काही अर्थ उरत नाही.

२०११ मध्ये 'डायबेटिस केअर' या वैद्यकीय नियतकालिकात जपानमधल्या डॉक्टरांचा एक छोटासा प्रयोग छापून आला. त्यांनी मधुमेह नसलेल्या माणसांना संत्रं, द्राक्षं आणि किवी सोलायला दिली आणि मग बोट टोचून शुगर बघितली. हात न धुता बघितली तेव्हा आकडे भलतेच वर गेले. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसून बघितली, तरीही ते वरच राहिले. नळाच्या पाण्याखाली हात धुतल्यावर मात्र आकडे जागेवर आले. संपूर्ण निरोगी माणसाला काही मिनिटांपुरता मधुमेही ठरवायला एक फळ पुरेसं आहे.

फळच असायला हवं असं नाही. सरबत, मध, बिस्किटाचा चुरा, मुलांना भरवताना हाताला लागलेलं गोड, खोकल्याचं औषध, काहीही चालतं. मीटरमध्ये मुळातच थोडं कमीजास्त गृहीत धरलेलं असतं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१३ च्या मानकानुसार शुगर १०० किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा १०० पैकी निदान ९५ आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा जास्तीत जास्त १५ टक्के कमी किंवा जास्त असले तरी चालतं. त्यात बोटावरच्या साखरेची भर पडली की त्या आकड्यावरून काही ठरवणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

सॅनिटायझर लावला म्हणजे झालं

नाही झालं. सॅनिटायझर जंतू मारतो, पण साखर बोटावरून हलवत नाही. साखर विरघळून वाहून जायला पाणीच लागतं. शिवाय सॅनिटायझर पुरता वाळायच्या आत बोट टोचलं तर तो रक्तात मिसळतो आणि आकडा बिघडण्याची शक्यता आणखी वाढते. स्पिरिटच्या बोळ्याचंही तसंच.

प्रवासात, ऑफिसात पाणी हाताशी नसेल तर? अशा वेळी दुसऱ्या थेंबाचा मार्ग आहे: बोट टोचायचं, पहिला थेंब कोरड्या स्वच्छ कापसाने किंवा टिश्यूने पुसून टाकायचा आणि दुसरा थेंब स्ट्रिपला लावायचा. पण ही सोय ज्यांच्या हाताला काही गोड लागलेलं नाही आणि हात मळलेले दिसत नाहीत त्यांच्यासाठी आहे. फळ खाऊन उठला असाल तर दुसरा थेंबही दगा देऊ शकतो, तेव्हा पिण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी बोटावर घ्या. आणि थेंब यावा म्हणून बोट करकचून पिळू नका, त्याने रक्तासोबत पेशींभोवतीचं पाणीही बाहेर येतं.

जंतूंसाठी म्हणून सॅनिटायझर वापरायचाच असेल तर त्यात निदान ६० टक्के अल्कोहोल हवं. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही. घरात कुणाला जुलाब होत असतील तर साबण-पाण्याला पर्याय नाही.

धुतले, पण पुसले नाहीत

ही चूक उलट्या बाजूची. बोट ओलं असेल तर थेंबात पाणी मिसळतं, रक्त पातळ होतं आणि आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी येतो. खरी शुगर ठीक असताना मीटरवर ६५ दिसते, माणूस घाबरून गोड खातो आणि पुढचे दोन तास शुगर चढलेली राहते. थेंब गोल टपोरा न बसता बोटाच्या रेषांमधून पसरला, तर बोट अजून ओलं आहे असं समजा. पुसा, आणि पुन्हा टोचा.

ओल्या हाताचं आणखी एक नुकसान सहसा लक्षात येत नाही. त्याच हाताने आपण स्ट्रिपची डबी उघडतो, चिमटीने स्ट्रिप काढतो आणि डबी तशीच उघडी ठेवून बोट टोचायला घेतो. स्ट्रिपला दमटपणा सोसत नाही. एका स्ट्रिपपुरती गोष्ट असती तर ठीक होतं, पण त्या ओलीने डबीतल्या बाकीच्याही खराब होऊ शकतात. हात पुसा, स्ट्रिप काढा, झाकण लगेच घट्ट लावा, मग पुढचं.

शुगर लो झाल्यावरची गफलत

या सगळ्यात मला सर्वांत धोकादायक वाटते ती ही चूक. हातपाय कापायला लागले, घाम फुटला, मीटरवर ५८. सांगितल्याप्रमाणे १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घेतलं. १५ मिनिटांनी पुन्हा तपासलं तर १४०. बरं वाटलं, विषय संपला.

पण ग्लुकोजची पावडर किंवा गोळी ज्या बोटांनी उचलली, तीच बोटं टोचली असतील तर १४० वर विश्वास ठेवता येणार नाही. आत शुगर अजून ६० च्या आसपास असू शकते. माणूस मीटर ठेवून देतो, गाडी चालवायला घेतो किंवा झोपतो, आणि खरी गडबड तिथून सुरू होते.

म्हणून क्रम नीट ठरवून ठेवा. लो झाल्याची लक्षणं असतील तर हात धुण्यासाठी थांबू नका, आधी गोड घ्या. एकटे असाल आणि चक्कर येत असेल तर बेसिनपर्यंत उठून जायचंही कारण नाही. मधल्या १५ मिनिटांत जरा सावरल्यावर हात धुवा, पुसा, मग दुसऱ्यांदा तपासा. उठवत नसेल तर घरातल्या कुणाला तरी ओला रुमाल आणि मग कोरडा रुमाल आणायला सांगा. तेही जमलं नाही तर ज्या हाताने गोड घेतलं तो सोडून दुसऱ्या हाताचं बोट टोचा. आणि आकडा काहीही म्हणत असला तरी कापरं भरणं, घाम, गोंधळल्यासारखं होणं थांबलं नसेल तर शरीराचं ऐका.

आकडा अचानक खूप जास्त आला तर

खाणं नेहमीचं, औषध वेळेवर, तरी मीटरवर २९०. लगेच जास्तीचं इन्सुलिन घेऊ नका. आकडा खोटा असेल तर ते इन्सुलिन खऱ्या शुगरला खाली ओढेल. साबणाने हात धुवा, पुरते कोरडे करा, दुसरं बोट घ्या, नवी स्ट्रिप लावा. आता १५० आली तर पहिला आकडा बोटावरच्या कशाचा तरी होता, तो वहीत लिहूच नका. डॉक्टरांना वही दाखवताना असे सुटे उंच आकडे विनाकारण औषध वाढायला निमित्त होतात.

पण पुन्हाही २८५ आली तर ती शुगर खरी समजा. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा हात धुऊन मनासारखा आकडा येईपर्यंत स्ट्रिपा संपवणारी मंडळीही असतात! डॉक्टरांनी जास्त शुगरसाठी जे सांगून ठेवलं आहे ते करा. सोबत उलट्या, पोटदुखी, धाप किंवा खूप गुंगी असेल तर सरळ दवाखाना गाठा.

ज्यांच्या दंडावर सेन्सर आहे त्यांना वाटतं, आपली यातून सुटका झाली. सेन्सर कातडीखालच्या द्रवातलं ग्लुकोज मोजतो, त्यामुळे रोजच्या आकड्यांपुरतं ते खरं आहे. पण काही सेन्सर बोटाच्या आकड्यावरून जुळवून घ्यावे लागतात. तो आकडा न धुतलेल्या बोटाचा असेल तर सेन्सर चुकीच्या पायावर उभा राहतो आणि त्यानंतरचे आकडेही चुकवतो.

तळव्यावर फेस, टोकं कोरडी

कुणी हात धुताना नीट बघा. तळवे एकमेकांवर घासले जातात, फेस होतो, पाणी घेतलं की संपलं. बोटांची टोकं, नखांखालची जागा, अंगठा आणि बेचक्या राहून जातात. मधुमेहींच्या बाबतीत गंमत अशी की आपण टोचतो ते नेमकं टोकाच्या बाजूला. त्यामुळे एका हाताची टोकं दुसऱ्याच्या तळव्यावर घासा, अंगठा मुठीत धरून फिरवा, बोटं एकमेकांत अडकवून बेचक्या चोळा. साबण लावून चोळायला २० सेकंद तरी द्या. अंगठी घालत असाल तर ती सरकवून खालची जागाही धुवा आणि पुसाही.

पुसण्यावर एवढा जोर अशासाठी की मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या बेचकीत ओल साचून बुरशी धरते. तिथली कातडी पांढरी, भिजल्यासारखी होते आणि मग सोलते. सतत पाण्यात हात असणाऱ्यांना हे होतं, आणि मधुमेह असेल तर जास्त. नखाच्या कडेला सूज येऊन ठणकणारं नखुरडंही याच वाटेने येतं.

कढत पाणी, कडक साबण

जंतू निघतात ते साबण आणि चोळण्यामुळे. हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्याने त्यात काही भर पडत नाही, गार पाणीही चालतं. कोमट पाण्याचा फायदा वेगळा आहे: बोटांत रक्त उतरतं आणि थेंब सहज मिळतो. कढत पाण्याने मात्र कातडी कोरडी पडते. ज्यांच्या नसांवर मधुमेहाचा परिणाम झाला आहे त्यांना चटका बसल्याचं कळतही नाही. हा बधिरपणा सहसा पायांपासून सुरू होतो आणि हातांत नंतर येतो. हाताला मुंग्या येत असतील, वस्तू निसटत असतील तर पाणी कोपराने तपासून घ्या किंवा घरातल्या कुणाला तरी हात लावून बघायला सांगा.

जंतुनाशक म्हणून विकले जाणारे साबण घेण्याचं काही कारण नाही. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटक घरगुती साबणांतून बाद केले. ते साध्या साबणापेक्षा सरस असल्याचं कंपन्यांना दाखवता आलं नव्हतं. साधा, सौम्य साबण घ्या. भांड्यांच्या साबणाने हात धुऊ नका, कारण कातडीला भेगा पडतात आणि भेगेतून जंतू आत जातात. धुऊन पुसल्यावर क्रीम जरूर लावा, पण शुगर तपासून झाल्यावर.

पायाला हात लावण्याआधी

पाय रोज बघावेत हे बहुतेकांना माहीत असतं. जखमेची पट्टी बदलून झाली की हात धुणारेही खूप, पण पट्टी सोडायच्या *आधी* धुणारे थोडे. जखमेच्या दृष्टीने आधीचं धुणं जास्त मोलाचं आहे. दोन्ही वेळा धुवा. पायाच्या बोटांत बुरशी असेल आणि तीच जागा आपण हाताने खाजवत असू तर ती हातालाही लागते. कधीकधी दोन्ही पाय आणि खाजवणारा तेवढा एकच हात कोरडा, भुसा सुटल्यासारखा झालेला दिसतो तो यामुळे. त्यावर क्रीम चोपडत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना दोन्ही दाखवा, हातही आणि पायही.

इन्सुलिन घेण्यापूर्वीही हात धुवायचे, यावर वेगळं सांगायला नको. एक मात्र सांगायला हवं: हात कितीही धुतले तरी बोट टोचायचं पेन दोघांत मिळून वापरता येत नाही, सुई बदलली तरीही. पेनाच्या टोकाशी राहिलेल्या रक्तातून हेपटायटिस बी पसरल्याच्या घटना घडलेल्या आहेत. नवराबायको दोघांना मधुमेह असेल तर दोन पेनं घ्या.

बोट सुजलं तर

टोचलेल्या जागी थोडं दुखणं, काळा ठिपका राहणं चालतं. पण बोट लाल होऊन गरम लागत असेल, ठणका वाढत असेल, पू दिसत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शुगर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत आणि हाताचा संसर्ग झपाट्याने पसरतो. गरम पाण्यात बोट बुडवणं, सुईने फोडून बघणं असले उपाय करू नका. लाली मनगटाकडे सरकायला लागली, बोट वाकवता येईना किंवा ताप आला, तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखान्यात जा, आणि गेल्या दोन दिवसांतले शुगरचे आकडे सोबत न्या.