सांधे सुजलेत? संधिवाततज्ज्ञाकडे कधी जायचं आणि तो कसा शोधायचा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा, खांदा, कंबर घेऊन माणसं येतात आणि त्यातल्या काहींना पहिल्याच दिवशी सांगावं लागतं, की हे व्यायामाने आणि शेकाने भागणारं नाही, आधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला दाखवा. बहुतेकांनी हे नाव ऐकलेलंच नसतं. "पण मी हाडांच्या डॉक्टरांना दाखवलंय की!" ऑर्थोपेडिक डॉक्टर मुख्यतः शस्त्रक्रियेचे. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते ते आजार बघतो ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाततज्ज्ञ, आणि तो औषधांनी उपचार करतो.

मी सगळ्यात आधी सकाळची चौकशी करते. झिजलेला गुडघाही सकाळी आखडतो, पण पंधरा-वीस मिनिटांत सुटतो आणि दिवसभर राबवला की संध्याकाळी ठणकतो. संधिवाताचं उलटं. अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त वेळ मूठ वळत नाही, पेस्टची ट्यूब दाबवत नाही आणि हात चालता झाला की जरा बरं वाटतं. त्यात बोटांच्या मुळाशी किंवा मनगटाला सूज असली, तीही दोन्ही हातांना, तर माझा संशय बळावतो. मग मी हस्तांदोलन करावं तसा हात धरते आणि चार बोटांच्या मुळांवर दोन्ही बाजूंनी आडवा, हलका दाब देते. एवढ्याशा दाबाने माणूस कळवळला, की मशीन लावायच्या भानगडीत मी पडत नाही, थेट चिठ्ठी लिहिते. ही तपासणी घरीही करून बघता येते.

कंबरेचं गणित निराळं. वयाच्या 45च्या आत सुरू झालेली, 3 महिन्यांहून जास्त टिकलेली, पहाटे झोप मोडणारी, पडून राहिलं की वाढणारी आणि हालचाल केली की उतरणारी कंबरदुखी संधिवाताची असू शकते. अशी तरुण मुलं गादी बदलतात, खुर्ची बदलतात, डॉक्टर मात्र बदलत नाहीत. घरात सोरायसिस हा त्वचेचा आजार असेल किंवा डोळा वरचेवर लाल होऊन दुखत असेल, तर तेही सांगा. गालांवर पुरळ, तोंडात वारंवार फोड, गारठ्यात बोटं पांढरी-निळी पडणं, डोळे आणि तोंड सतत कोरडं, या तक्रारीही त्याच दारी न्यायच्या.

दोन बाबतींत अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. एकच सांधा एकाएकी सुजून गरम झाला आणि ताप आला, तर त्यात जंतुसंसर्ग असू शकतो. पन्नाशीनंतर कानशिलात नवीन डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, नजर अंधुक होणं असं काही झालं, तर दृष्टी जाण्याची भीती असते. दोन्हींत त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

"आरए फॅक्टर निगेटिव्ह आलाय, म्हणजे संधिवात नाही ना?" नाही, असं नसतं. आरए फॅक्टर ही आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसच्या, संशयात करायची रक्तचाचणी. आमवात असूनही तो निगेटिव्ह येऊ शकतो आणि धडधाकट माणसाचा पॉझिटिव्ह. गाउटच्या, म्हणजे युरिक आम्लाचे खडे सांध्यात साठून होणाऱ्या संधिवाताच्या, ऐन झटक्यात युरिक अॅसिड नॉर्मल सापडू शकतं. सूज दिसतेय ना, मग रिपोर्टसाठी थांबू नका. युरोपातल्या तज्ज्ञांची संघटना युलार म्हणते, की लक्षणं सुरू झाल्यापासून 6 आठवड्यांत संधिवाततज्ज्ञाने रुग्णाला बघावं, कारण सांधा एकदा कुरतडला गेला की पूर्ववत होत नाही.

शोधायचा कसा? आपल्या फॅमिली डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. "सांधेदुखी" एवढंच न लिहिता कोणते सांधे, किती दिवस सूज, सकाळी किती वेळ आखडतं, हे त्यांना लिहायला सांगा. अशा चिठ्ठीने नंबर लवकर लागण्याची शक्यता वाढते. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात हा विभाग आहे का, ते विचारा. पाटीवर "संधिवात" लिहिलंय म्हणून आत शिरू नका. या विषयाचं वेगळं प्रशिक्षण झालंय का, हे सरळ विचारावं, त्यात उद्धटपणा काही नाही. लहान मुलांसाठी या विषयातले बालरोगतज्ज्ञ वेगळे असतात. तज्ज्ञ लांब असला तरी पहिली भेट समोरासमोरच हवी, सांधे हाताने चाचपावे लागतात. पुढच्या भेटींचं फोनवर जमू शकतं.

जाण्याआधी सकाळी सुजलेल्या बोटांचे फोटो काढून ठेवा. दुपारी डॉक्टरांसमोर बसेपर्यंत सूज ओसरलेली असते आणि माणूस उगाच ओशाळतो. चालू गोळ्या, पुड्या, काढे सगळं सोबत न्या. कुणी सुचवलं म्हणून स्टेरॉइड सुरू करू नका, खरं चित्र झाकलं जातं. आधीपासून चालू असेल तर मनाने बंदही करू नका. मूल हवं असेल तर ते पहिल्याच भेटीत बोला, काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत.

मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं नेहमीचं औषध लिहून दिलं, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. गुण यायला 6 ते 12 आठवडे जातात आणि मधून मधून रक्त तपासावं लागतं. गोळीचा वार कोणता, ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या.