दोन वूफर, चार कॉइल

नवरात्र जवळ आली की आमच्या बडोद्यात गाडीच्या डिकीत वूफर, म्हणजे बासचे मोठे स्पीकर, बसवायची घाई सुरू होते. दांडिया बाजारात माझं छोटं गॅरेज आहे. मागे ऐन गणपतीत एक मुलगा गाडी घेऊन आला. म्हणाला, "काका, दहा मिनिटं वाजतं, मग ॲम्पचा लाल दिवा लागतो नि सगळं बंद." डिकीत हात घातला तर ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर, इस्त्रीसारखा तापलेला.

वूफर दोन, प्रत्येकात 4 ओहमच्या दोन कॉइल. कॉइल म्हणजे वूफरच्या आतलं तारेचं वेटोळं, आणि ओहम म्हणजे ते करंटला किती अडवतं त्याचं माप. बसवणाऱ्याने चारही कॉइलचे प्लस एकत्र पिळले होते, मायनस एकत्र, आणि ॲम्प ब्रिज केलेला, म्हणजे त्याचे दोन चॅनेल जोडून एकच केलेले. असे सगळे प्लस एकत्र नि मायनस एकत्र म्हणजे पॅरलल जोडणी. चार सारख्या कॉइल पॅरलल म्हणजे 4 भागिले 4, 1 ओहम. ॲम्पवर मात्र स्पष्ट छापलं होतं: स्टिरिओला (दोन्ही चॅनेल वेगळे) किमान 2 ओहम, ब्रिजला किमान 4. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला निम्मेच ओहम दिसतात, म्हणून हे आकडे वेगळे असतात. ते छापलेलं वाचल्याशिवाय मी वायर सोलतसुद्धा नाही. ओहम कमी झाले की करंट वाढतो, ॲम्प तापतो. आवाज वाढल्यासारखा वाटतो, पण आतले ट्रान्झिस्टर भाजत असतात.

मग कॉइल मोजा. मल्टिमीटर 200 ओहमवर ठेवा, वूफरच्या वायरी सुट्या करा. 4 ओहमची कॉइल साधारण 3.2 ते 3.7 दाखवते, ती खराब नाही, मीटर फक्त डीसी रोध मोजतो. दोन्ही कॉइल जवळजवळ सारख्या हव्यात. एखादी काहीच दाखवत नसेल तर ती जळली आहे.

जोडणी कागदावर काढा. सिरीजमध्ये बेरीज होते: एका कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला, 4 नि 4 मिळून 8. पॅरललमध्ये दोन सारखे असतील तर निम्मे. त्या मुलाच्या गाडीत मी प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल सिरीजमध्ये घेतल्या, म्हणजे 8 आणि 8, आणि ते दोन वूफर पॅरलल केले: 4 ओहम, ब्रिजला हवा तेवढाच. वूफर 2 ओहमच्या दोन कॉइलचे असते तर हीच जोडणी 2 वर आली असती आणि तो ॲम्प पुन्हा बंद पडला असता. म्हणून वूफर विकत घेतानाच ॲम्पचं लेबल फोनमध्ये घेऊन जा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मोनो, म्हणजे एकाच चॅनेलच्या, ॲम्पवर स्पीकर टर्मिनलच्या दोन जोड्या दिसल्या तर फसू नका. बहुतेक वेळा त्या आतून एकच असतात. एकेक वूफर एकेका जोडीला लावला तरी ते पॅरललच झाले. दोन वेगळ्या मॉडेलचे किंवा वेगळ्या ओहमचे वूफरही एकत्र जोडू नका, ताकद सारखी वाटली जात नाही.

एका वूफरचे प्लस-मायनस उलटे झाले तर बास पोकळ होतो. 9 व्होल्टची बॅटरी क्षणभर लावा: प्लसला प्लस असताना दोन्ही वूफरचे कोन, म्हणजे पुढचे हलणारे पडदे, बाहेर यायला हवेत.

शेवटी बॅटरीजवळचा फ्यूज काढून ठेवा, आणि वूफरकडून ॲम्पला जाणाऱ्या वायरच्या दोन सुट्या टोकांवरच मीटर लावा. 4 ओहमच्या जोडणीत 3.2 ते 3.7 आलं तर टर्मिनल आवळा. 1 च्या आसपास दिसलं तर कागद पुन्हा उघडा.