अथेन्सच्या अमेरिकन स्कूलला वर्षभर जायचंय? मग आधी ही तयारी कर

अमेरिकेत क्लासिक्स (म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन भाषा आणि संस्कृतीचा अभ्यास) नाहीतर पुरातत्त्वात पीएचडी करणाऱ्या आपल्यातल्या कोणाला तरी अधूनमधून अथेन्सच्या अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीजचं वर्षभरासाठी निवड झाल्याचं पत्र येतं आणि लगेच मेसेज येतो की दादा, बॅगेत काय भरू. बॅगेचं नंतर बघू. आधी ही संस्था चालते कशी ते समजून घे, कारण अर्धी तयारी त्यावरच ठरते.

नाव स्कूल असलं तरी हे काही नेहमीचं कॉलेज नाही आणि सरकारी खातं तर नाहीच. 1881 मध्ये नऊ अमेरिकन विद्यापीठांनी मिळून हे काढलं, आज त्यात जवळपास दोनशे विद्यापीठं-कॉलेजं आहेत, त्यांचे प्रतिनिधी मॅनेजिंग कमिटीवर असतात, अभ्यासाचं सगळं ती कमिटी बघते, पैसा सांभाळायला ट्रस्टी वेगळे आणि अथेन्समधे रोजचा गाडा ओढायला डायरेक्टर. अथेन्समधे इतर देशांच्याही अशा संस्था आहेत, त्यातलं जर्मन पुरातत्त्व इन्स्टिट्यूट त्यांच्या परराष्ट्र खात्याखाली येतं, फ्रेंचांचं तर 1846 चं, सगळ्यात जुनं आणि सरकारी पैशावरचं, अमेरिकनांचं मात्र मुख्यतः ठेवी आणि देणग्यांवर. म्हणून पहिलं काम हे की आपलं विद्यापीठ त्या यादीत आहे का बघ (फीचं गणित त्यावर बदलतं) आणि असेल तर डिपार्टमेंटमधले त्यांचे प्रतिनिधी कोण ते शोधून त्यांच्याशी अर्धा तास बोल, वेबसाइटवर जे मिळत नाही ते तिथे मिळतं.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, परवानग्या. जमीन ग्रीसची, त्यातून निघालेली प्रत्येक खापरी ग्रीसची, स्कूलच्या मालकीचं काही नाही. स्कूल फक्त अर्ज पुढे करतं, निर्णय सांस्कृतिक मंत्रालयाचा, आणि प्रत्येक भागात त्यांचं इफोरिया म्हणजे पुरातत्त्व खात्याचं स्थानिक ऑफिस असतं. 2002 च्या कायद्याप्रमाणे एका परदेशी स्कूलला वर्षाला स्वतःची तीन कामं आणि इफोरियाबरोबर मिळून आणखी तीन, एवढंच करता येतं. आता विचार कर, एवढी विद्यापीठं आणि एवढ्याच जागा, म्हणजे मंत्रालयाच्या दारात जायच्या आधी स्कूलच्या आतच केवढी रांग लागत असेल. त्यामुळे जाऊन स्वतःची साइट खणायची वगैरे स्वप्नं विसर, तू जाणार ते दुसऱ्याने खणलेल्या वस्तूंवर काम करायला, आणि त्यासाठी दोन होकार लागतात, एक ज्याच्याकडे त्या मालाचे प्रकाशनाचे हक्क आहेत त्या उत्खननकाराचा आणि दुसरा खात्याचा. हाडाचा किंवा मातीच्या भांड्याचा तुकडा कापून नमुना घ्यायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी. उत्खननकाराला ईमेल अमेरिकेतूनच टाक, विमानात बसायच्या आधी. कुठल्या वस्तू बघायच्यात त्यांचे इन्व्हेंटरी नंबर हाताशी ठेव. अथेन्सच्या अगोरात (प्राचीन बाजारचौकात, तिथे स्कूलचंच उत्खनन आहे) हे सोपं पडतं कारण 1931 पासून तिथे एकच पद्धत चालत आलीये, भांडी असतील तर पी, दिवे एल, शिलालेख आय आणि पुढे आकडा, बरंचसं ऑनलाइन दिसतं. "तिकडे जाऊन बघीन काय मिळतं ते" असा अर्ज केलास तर कोणी वाचणार पण नाही.

आपल्याकडेही खणायला लायसन्स लागतंच, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्ववाल्यांना विचार, पण तिथे तू परदेशी पाहुणा आहेस हे सतत लक्षात ठेवायचं आणि म्युझियमच्या गार्डपासून इफोरियातल्या बाईंपर्यंत सगळ्यांशी मोडकं का होईना चालू ग्रीक बोलायचं. प्राचीन ग्रीकमधला इतिहासकार थ्युसिडिडिस वाचता येतो म्हणून बस ड्रायव्हरशी बोलता येत नाही! उन्हाळ्यातच दोन महिने रोज अर्धा तास आधुनिक ग्रीक कर.

शरद ऋतूत ट्रिपा असतात. ट्रिप म्हटलं की आपल्याला अंताक्षरी आठवते पण हे प्रकरण निराळं, पेलोपोनीज (दक्षिणेचं द्वीपकल्प), मध्य ग्रीस असं बसने फिरायचं, सकाळपासून साइटवर साइट, आणि प्रत्येकाला एखादं स्थळ किंवा इमारत नेमून दिलेली असते, त्यावर तिथेच उभं राहून बोलायचं, उन्हात, वाऱ्यात, समोर असे लोक ज्यांनी त्याच दगडावर पेपर लिहिलाय. विषय मिळाला की लगेच स्कूलच्या ब्लेगन लायब्ररीत बस, कारण बसमधे पुस्तकं नसतात आणि लायब्ररीतून पुस्तक बाहेर जात नाही. नकाशा छापून घे, मोबाइलवरचा उन्हात दिसत नाही. आवाज मोठा काढायची प्रॅक्टिस कर, मी मनापासून सांगतोय. आता बॅग: घोट्याला धरणारे जुने बूट (नवे नकोत, फोड येतात), टोपी, पाण्याची मोठी बाटली, नोव्हेंबरसाठी पावसाचं जाकीट कारण ग्रीस म्हणजे कायम ऊन हा गैरसमज आहे.

हिवाळ्यात सेमिनार आणि लायब्ररी. प्राचीन काळ सोडून बायझंटाइन किंवा ऑटोमन काळावर काम असेल तर समोरचं 1926 मध्ये उघडलेलं स्कूलचंच गेनाडियस ग्रंथालय, आणि शेजारीच ब्रिटिश स्कूल आहे, त्यांची मातीच्या भांड्यांच्या पृथक्करणाची फिच लॅब 1974 पासून चालू आहे. शेजाऱ्यांकडे ओळख काढून ठेव, एकमेकांच्या व्याख्यानांना जाणं हे तिथे नेहमीचंच. लोरिंग हॉलमधे, म्हणजे स्कूलच्या वसतिगृहात, राहणार असशील तर जेवणाआधी ऊझोचा (बडीशेपेच्या चवीची ग्रीक दारू) तास असतो, पीत नसलास तरी जाऊन बस, कुठल्या प्रोजेक्टवर माणसं हवीयत वगैरे बातम्या तिथेच कळतात.

वसंतात कॉरिंथला प्रशिक्षण. 1896 पासून स्कूल तिथे खणतंय, गावातले कामगार कुदळ अशी चालवतात की थर बदलला हे त्यांना तुझ्याआधी कळतं, तेव्हा पीएचडीचा तोरा घरी ठेव. ट्रॉवेल (खणायची छोटी थापी) तिथेही मिळेल पण स्वतःची असलेली बरी, मात्र ती चेक-इन बॅगेत टाक, केबिनमधे अडवतात. खापरं धुणं, मोजणं, नोंदी भरणं यात दिवस जातात, खणणं त्यामानाने कमी.

व्हिसाचं शेवटी लिहितोय पण कर सगळ्यात आधी. भारतीय पासपोर्टवर शेंगेनचे (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाचे) 180 दिवसांतले 90 दिवस वर्षाला पुरत नाहीत, दीर्घ मुदतीचा नॅशनल व्हिसा लागतो, अमेरिकन मित्रांची यादी बघून चालू नकोस, त्यांना 90 दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला व्हिसा लागत नाही म्हणून ते निवांत असतात. स्कूलकडून पत्र लवकर मागव, विमा, बँकेची कागदं एकाच फोल्डरमधे ठेव. आणि ग्रीसमधल्या कुठल्याही ऑफिसचं काम असेल तर ते जुलैच्या सुरुवातीलाच पाठव, 15 ऑगस्टला तिकडे मोठा सण असतो आणि त्याच्या मागचेपुढचे दिवस मेलला उत्तर येत नाही.