यीस्ट झोपलंय की उपाशी मेलंय? या चुका टाळा

बेळगावात एम.एस्सी.च्या पोरांकडून दरवर्षी हेच ऐकतो : "सर, ओडी (द्रवाचा गढूळपणा, म्हणजे पेशी किती ते सांगणारा आकडा) वाढायची थांबली, पेशी झोपल्या." नाही ओ! झोप म्हणजे वाढ थांबवून, पुन्हा वाढायची ताकद राखून तग धरणं. अंथरूण घातलं म्हणजे झोप लागली का? ग्लुकोज संपल्यावर यीस्ट आपणच केलेल्या अल्कोहोलवर श्वसन करून जगतं, ट्रेहॅलोज-ग्लायकोजेनची बेगमी करतं, भिंत जाड करतं. वायपीडीत (यीस्टच्या नेहमीच्या पौष्टिक मीडियात) मी पुरते सात दिवस मोजतो. तेव्हाही सगळ्या झोपत नाहीत. पर्कोलवर (घनतेप्रमाणे पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रवावर) सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, झोपलेल्या जड पेशी खाली बसतात.

सगळ्यात महागात पडते ती ल्युसिनची, म्हणजे पेशीला लागणाऱ्या एका अमिनो आम्लाची, चूक. खानापूरकडचा एक पोरगा, हुशार पण घायकुता. पेशीला झोपेकडे नेणारं रिम१५ हे जनुक त्यानं काढलं आणि खूण म्हणून तिथं ल्यू२, म्हणजे ल्युसिन बनवायला लागणारं जनुक, बसवलं. तुलनेला साधा बीवाय४७४१ हा मूळ स्ट्रेन, ज्याला ल्युसिन स्वतः बनवता येत नाही. मीडियात ल्युसिन चिमूटभर, कारण "बाटली संपत आली होती सर". पाचव्या दिवशी मूळ स्ट्रेन मेलेला, म्युटंट टुणटुणीत. पोरगं कुंदा घेऊनच आलं : रिम१५ काढलं की आयुष्य वाढतं!

कुंदा खाल्ला, मग विचारलं, फ्लास्कमध्ये ग्लुकोज किती उरलंय? मोजलंच नव्हतं. ल्युसिन आधी संपलं होतं, ग्लुकोज तसंच. ग्लुकोज असेतोवर पीकेए हे एन्झाइम रिम१५ला दाबून ठेवतं. मग पेशीला थांबायचा निरोप पोचणार कसा? ती न झोपता, जागेपणीच मेली. म्युटंट वाचला तो ल्यू२च्या जिवावर. तीन महिने गेले.

तेव्हापासून दोन्हीकडे खुणा सारख्या असल्याशिवाय मी फ्लास्कला हात लावू देत नाही. आईचं जुनं शुगर मशीन लॅबमध्येच ठेवलंय. दोन टक्के ग्लुकोज त्याच्या आवाक्याबाहेर, म्हणून दहापट पातळ करायचं. आकडा रक्तासाठीचा, तंतोतंत नाही. पण 'लो' दिसलं की ग्लुकोज संपत आल्याचं कळतं.

डब्ल्यू३०३ हा दुसरा स्ट्रेन घेताय? त्याचं एसएसडी१ हे जनुक मोडकं असतं, झोप कच्चीच.

फ्लास्क गळ्यापर्यंत भरू नका. पाचवा हिस्सा पुरे. हवा नाही तर श्वसन नाही. पेटिट पेशींना (श्वसनाची यंत्रणाच बिघडलेल्या) तर हवा देऊनही उपयोग नाही, म्हणून आधी ग्लिसरॉलच्या प्लेटवर वाढवून बघा; श्वसनाशिवाय तिथं वाढ होत नाही. रात्री करंट गेला आणि शेकर थांबला तर वहीत लिहा. लपवू नका, मला ग्राफवरून कळतं.

आणि उपाशी ठेवायच्या ऐवजी रॅपामायसिन टाकून दुपारपर्यंत 'झोप' आणणारे! त्या औषधानं टॉर हे वाढ चालू ठेवणारं प्रथिन बंद होतं, वाढ थांबते, पण ग्लुकोज तसंच असतं. तो फ्लास्क माझ्याकडे पर्कोलला आणू नका.