गावासाठी मातीची वास्तू बांधताय? या चुका टाळा

गोव्यातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, वाचनालयासाठी मातीची खोली उभी केली. दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतीचा तळ फुगला, गिलाव्याचे पापुद्रे हातात यायला लागले. जो तो मातीला नावं ठेवू लागला. गिलावा सिमेंटचा होता, हे मात्र कुणी बोलेना.

मातीची भिंत ओल पिते आणि वारा लागला की सोडते. सिमेंटचा थर तिचं नाकतोंड दाबतो. जमिनीतून चढलेलं, भेगांतून शिरलेलं पाणी आत कोंडतं आणि वरून पक्की दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होते. टिचकी मारून बघा. पोकळ आवाज आला तर थर खरवडून काढा, भिंत मार्च-एप्रिलच्या उन्हात वाळू द्या आणि चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा करा. त्यावर सिमेंटचं ठिगळ लावलंत तर पुढच्या श्रावणात पुन्हा तेच.

तळ सतत ओला राहत असेल तर जोतं बघा. चिऱ्यांचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, जोतं निदान दीड फूट हवं. पण चिराही पाणी शोषतो, म्हणून जोत्यावर ओलरोधक थर हवाच. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही वाऱ्याबरोबर तिरपा. छपराची वळचण तीन फूट बाहेर काढा. जुनी माणसं पावसाळ्यात भिंतींना माडाच्या चुडतांची झापं बांधत, ती उगाच नव्हे.

माती कुठली? खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतजमिनीतली, नको, तिच्यातलं मीठ भिंतीवर फुलतं. वरची वीतभर काळी माती कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) टाका, खालची घ्या. बाटलीत माती, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा, दिवसभर ठेवा. तळाशी वाळू, मध्ये पोयटा (बारीक गाळ), वर चिकणमाती बसेल. ठोकून भरायच्या भिंतीला चिकणमाती साधारण 15 ते 30 टक्के चालते. जास्त असेल तर भेगा पडतील, वाळू मिसळा.

दाबून केलेल्या विटांत 5 ते 8 टक्के सिमेंट घालतात. हरकत नाही, पण मग भिंत मोडल्यावर ती माती नुसती भिजवून पुन्हा लिंपता येत नाही. कच्च्या मातीची येते. गरज असेल तिथेच घाला.

आणि सारवण? घरात ते घरचे करतात, सार्वजनिक वास्तूत कुणीच करत नाही. आराखडा पक्का होतानाच वाड्यावरच्या घरांच्या पाळ्या ठरवा. आमच्याकडे आता गणेश चवथीआधी दोन घरं शेण-माती घेऊन येतात.